पाचशे त्रेसष्टातला एक

सोमवार, ३ फेब्रुवारी

दादा,

आधीच सांगते, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर हसू नको. आणि पत्र यायला उशीर झाला तर ओरडू नको. मी एका बोटानं टाइप करते आणि प्रत्येक अक्षर आधी शोधते. काही जोडाक्षरं अजून सापडलेलीच नाहीत, तो शब्द आला की मी दुसरा घेते. कॉम्प्युटर चुकीच्या शब्दाखाली लाल रेघ मारतो. रेघ आली की दुरुस्त करते. नाही आली तर देव जाणे.

कॉम्प्युटर दुकानातला आहे. आईनं सांगितलं असेलच, दर शुक्रवारी बाबा कामावर असताना तुमचा फोन होतो तेव्हा. मी वजनकाटे दुरुस्तीच्या दुकानात लागले, आठ महिने झाले. मालकांना सगळे काटेकाका म्हणतात. 'काटेकोर' हा शब्द आमच्याच धंद्यातून निघाला असं त्यांचं म्हणणं आहे, आणि ते तसे आहेतही. पितळी वजनाला बोट लावायचं नाही, चिमट्यानं उचलायचं, चिमट्याच्या टोकांना मऊ कातडं. पहिल्याच दिवशी मी उघड्या हातानं वजन उचललं तर म्हणाले, "आता यात तुझा घाम किती आहे ते वेगळं मोजू का?" तेव्हापासून कानाला खडा.

शाळा का सोडली ते तू आईला विचारत होतास म्हणे. हजेरीला 'हजर' म्हणायला माझा आवाज निघायचा नाही. बाई वर न बघताच गैरहजर मांडायच्या. नववीत मी बाकावर बसून अठ्ठावीस दिवस गैरहजर होते. इथं काट्यांना 'हजर' म्हणावं लागत नाही.

आता मुद्दा. तू घर सोडून गेलास त्या दिवशी मी जिन्यात तुझ्या मागे धावले होते, बाबांनी तुझी बॅग वरून खाली फेकली होती ती घेऊन. मी विचारलं, "बाबांशी परत कधी बोलशील?" तू म्हणालास, "तू मला एक डाव हरवशील तेव्हा." आणि हसलास.

तू विसरला असशील. मी दोन वर्षं विचार करतेय की ही 'कधीच नाही' म्हणायची पद्धत होती की खरंच अट होती. मग वाटलं, विचारत बसण्यापेक्षा खेळून बघावं. तुझा जुना बुद्धिबळाचा पट माझ्या पलंगाशी बुटांच्या खोक्यावर मांडलाय. ईमेलच्या पत्रांतून खेळू. दोन दिवसांत एक खेळी चालेल, तुला स्पर्धा असतात.

पांढऱ्या सोंगट्या मी घेतल्या. ई४.

बोलायचं नसेल तर नुसती खेळी लिही.


बुधवार, १९ फेब्रुवारी

दादा,

तू खरंच नुसती खेळी लिहितोस! पहिल्या वेळी तेवढे तीन शब्द जास्त होते, "लिहिलं ते खेळलं". म्हणजे पाठवलेली खेळी परत घ्यायची नाही. मान्य. त्यानंतर तू तोंडात मिठाची गुळणी धरून बसलायस. असू दे.

मला एक जाणून घ्यायचं होतं. मी तुला हरवण्याची शक्यता किती? 'काहीच नाही' हे उत्तर नको. काटेकाका म्हणतात, काट्यावर ठेवल्याशिवाय 'काहीच नाही' म्हणायचं नसतं. मला आकडा हवा होता.

ग्रंथालयाच्या माडीवर रविवारी सकाळी लोक बुद्धिबळ खेळतात. जानेवारीत तीन रविवार मी दारापर्यंत जाऊन परत आले होते. या रविवारी आतून एक बाई ओरडल्या, "अगं दार लाव, वारा येतोय." मी लावायला लागले तर म्हणाल्या, "आतून लाव!"

त्या पूर्वी नर्स होत्या, तिथं सगळे त्यांना नर्सबाई म्हणतात. माझ्याशी सात डाव खेळल्या. मी सातही हरले. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, "हजार."

"काय हजार?"

"तुझे गुण. फार तर हजार. तेही आज माझी मान दुखतेय म्हणून."

मग त्यांनी समजावलं. जिंकलं की गुण वाढतात, हरलं की कमी होतात, आणि दोन माणसांच्या गुणांतल्या फरकावरून कोण किती वेळा जिंकेल ते सांगता येतं. त्यांनी फोनवर यादीत तुझं नाव शोधलं. एकवीसशे!

"हा तुझा कोण?"

"भाऊ."

"सख्खा?"

"हो."

"मग तुमच्या घरात वाटणी नीट झालेली दिसत नाही."

सगळे हसले. मला पण हसू आलं, पण मी खाली बघून हसले.

फरक चारशेचा असेल तर तगड्याचे दहा आणि लेच्यापेच्याचा एक. आठशेचा असेल तर शंभर आणि एक. बाराशेला हजार आणि एक. आपला फरक अकराशेचा. नर्सबाईंनी फोनवर हिशेब केला, तुझे पाचशे बासष्ट आणि माझा एक. म्हणजे पाचशे त्रेसष्ट डाव खेळले तर त्यातला एक माझा.

आपला एक डाव तीन महिने चालणार. वर्षाला चार. म्हणजे माझी पाळी यायला एकशे चाळीस वर्षं लागतील. बाबा आत्ताच चौपन्नचे आहेत.

पण शून्य नाही ना? मला वाटलं होतं शून्यच येईल. मी घरी येताना रस्ताभर खूश होते. आईनं विचारलं काय झालं एवढं, म्हटलं पाचशे त्रेसष्टात एक. ती म्हणाली, "बरं, हातपाय धू."


बुधवार, १२ मार्च

दादा,

काटेकाकांना मी विचारलं, "एक किलो दोन किलोला कधी हरवतो का?" ते म्हणाले, "ठेवून बघ." ठेवलं. दोन किलोचं पारडं खाली. काढलं, परत ठेवलं. परत तेच. "पाचशे त्रेसष्ट वेळा ठेव," ते म्हणाले, "पाचशे त्रेसष्ट वेळा तेच होणार. काटा कुणाची कीव करत नाही."

म्हणजे बुद्धिबळातले गुण हे वजन नव्हेत. मग काय आहेत? मला हे फार आवडलं. ज्यात हलका कधीतरी जिंकतो असं हे कसलं वजन?

जेवणाच्या सुट्टीत काटेकाका आपणहून म्हणाले, "वजनं अगदी बारीक असतील आणि पंखा चालू असेल तर मात्र हलकासुद्धा खाली जातो हं." म्हणून ते तपासणीच्या वेळी पंखा बंद करतात, आणि आम्ही दोघं घामानं भिजतो.

मग रविवारी मी नर्सबाईंना विचारलं, बुद्धिबळात पंखा कुठला? त्या म्हणाल्या, "समोरच्याला ताप असतो. नाहीतर त्याचं बायकोशी भांडण झालेलं असतं. नाहीतर तो तुला चिल्लर समजतो आणि अर्धं लक्ष दुसरीकडं ठेवतो. तू उत्तम खेळलीस म्हणून जिंकलीस, असं स्वप्नात."

"मग मी काय करू?"

"मारामारी करू नकोस. पटावर माणसं कमी झाली की भांडण स्वच्छ दिसतं, आणि स्वच्छ दिसलं की तो जिंकतो. गर्दी ठेव."

म्हणून मी तुझं काही मारत नाहीये. तुला वाटलं असेल घाबरले. घाबरलेय, पण त्यासाठी नाही.

तुझ्या खेळ्या सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी येतात. चहा पिताना पाठवतोस का? तिथं तुला खिडकी आहे का? परवा मी घोडा पुढं काढला तर तुझं उत्तर चार मिनिटांत आलं. त्या दिवशी मला वाईट वाटलं. ती खेळी शोधायला मला दोन संध्याकाळी लागल्या होत्या.

बाबा पटाजवळून जातात पण बघत नाहीत. म्हणजे, बघायचं नाही म्हणून जरा जास्तच वळून जातात. अजून गाड्यांच्या सीटची कव्हरंच शिवतात. सुईत दोरा ओवायला हल्ली मला बोलावतात, पण ते तुझ्या कानावर घालू नको म्हणालेत. म्हणजे तू विचारशील असं त्यांना वाटतं.


गुरुवार, ३ एप्रिल

दादा,

दोन दिवस झाले, उत्तर नाही, म्हणून लिहितेय.

हो, ह४. बरोबर वाचलंस. नीट विचार कर. मला घाई नाही.


सोमवार, १४ एप्रिल

दादा,

काल तुझं पत्र आलं. खेळी नव्हती. दोन महिन्यांत पहिल्यांदा आख्खी वाक्यं होती. मी आधी मोजली, मग वाचली. दोन होती. "कडेचं प्यादं असं बाबाच ढकलतात. ते खेळतायत का?"

तू बारा दिवस त्या प्याद्याकडं बघत होतास.

आता काय लिहू ते कळत नव्हतं. 'हो' लिहिलं असतं तर चाललं असतं. तू कदाचित चिडला असतास, कदाचित नसतास. दुपारभर मी 'हो' लिहून ठेवलं होतं. एकच अक्षर, आणि लाल रेघ पण येत नव्हती. काटेकाका मागून म्हणाले, "एवढा वेळ एका शब्दाला? तो शब्द तरी काट्यावर ठेव एकदा." त्यांना काही माहीत नाही, ते असंच बोलतात. पण मी खोडला.

खरं हे आहे. मला हत्ती फ४ वर न्यायचा होता. 'हफ४' लिहायचं होतं. 'ह' म्हणजे हत्ती, आणि पटाच्या शेवटच्या उभ्या ओळीचं नावही ह. माझ्याकडून मधला 'फ' राहिला. 'ह४' झालं, म्हणजे कडेचं प्यादं दोन घरं पुढं. खेळ्यांखाली लाल रेघ येत नाही. पाठवल्यावर घरी जाऊन पटावर लावायला गेले तेव्हा कळलं. आणि नंतर मुद्दाम केल्यासारखं ते "नीट विचार कर" लिहिलं. सॉरी.

तू त्यात काय शोधत होतास बारा दिवस? मला खरंच विचारायचंय. तिथं काही नव्हतं रे.

आता लिहितेच आहे तर दुसरंही लिहिते. तू शेवटचा पेपर सोडून स्पर्धेला गेलास हे बाबांना कोणी सांगितलं, ते तू कधी विचारलं नाहीस. तुला वाटलं असेल कॉलेजातून फोन आला. मी सांगितलं. बाबांनी विचारलं पण नव्हतं. तू पहिली फेरी जिंकल्याचं मला तुझ्या मित्राकडून कळलं होतं, आणि मला वाटलं बाबा खूश होतील. शेवटी तुला खेळायला त्यांनीच शिकवलंय. मी धावत जाऊन म्हटलं, "बाबा, दादा जिंकला!" ते म्हणाले, "कुठं?"

मी घरात सहसा बोलत नाही. त्या दिवशी बोलले.

काल जेवताना मी बाबांना सांगितलं, "दादानं विचारलंय, तुम्ही खेळताय का."

"काय विचारलं त्यानं?"

मी परत सांगितलं.

"शब्द कुठले होते? जसेच्या तसे सांग."

सांगितले. मग ते हात धुवून माझ्या खोलीत आले. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या खोक्यासमोर उभे राहिले. कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "हे कडेचं कोणी ढकललं?"

"मी. चुकून."

"मी पण चुकूनच ढकलायचो," बाबा म्हणाले. "त्याला सांगायचो की डाव आहे."

एवढंच बोलले आणि गेले.

लिहिलं ते खेळलं, हे मला मान्य आहे. प्यादं आहे तिथंच राहील. तुला डाव मोडायचा असेल तर तसं लिही. माझ्यावर चिडला असशील तर तेही लिही, पण लिही.


शनिवार, १० मे

दादा,

माझ्या त्या मोठ्या पत्राला तू लिहिलंस, "वब६. लिहिलं ते खेळलं." मी ते दहा वेळा वाचलं. वजीर ब६ वर, ते कळलं. पण पुढचे तीन शब्द प्याद्यासाठी होते की बाबांना मी जे सांगितलं त्यासाठी, ते नाही कळलं. विचारणार नाही. दोन्हीला बसतात म्हणून दोन्हीसाठी घेतले.

आता डाव. मी वजिरानं शह देते, तू राजा हलवतोस. मी परत शह देते, तू परत मागं. तू ग५ वरून सटकायला बघतोस तर तिथं कुणाचा पहारा आहे? माझ्या टायपिंगच्या चुकीचा! पटावर तीच मांडणी तीनदा आली की डाव बरोबरीत सुटतो, आणि काल तूच लिहिलंस, "तिसऱ्यांदा तेच झालं. बरोबरी."

दादा, मी हरले नाही!

मी आज दुकानात येताना चालत नव्हते, उड्या मारत होते. काटेकाका म्हणाले, "काय, वजन घटलं का?"

मग नर्सबाईंकडं पळाले. आज त्यांचा दिवस नव्हता, त्या घरी मटार सोलत होत्या. मी दारातूनच ओरडले. हो, मी. त्यांनी सगळा डाव माझ्याकडून मांडून घेतला, ह४ ला पोट धरून हसल्या, आणि म्हणाल्या, "बघ, तुझ्या भावानं बारा दिवस त्या प्याद्यावर घालवले आणि मग बिचकून वजीर लांब नेला. त्याला वाटलं यात काहीतरी असणार. तगड्या माणसाचं इथंच घोडं पेंड खातं. त्याला समोरची चूकसुद्धा हुशारीच वाटते."

मी विचारलं, मग हा त्या पाचशे त्रेसष्टातला माझा एक झाला का?

"अर्धा," त्या म्हणाल्या. "बरोबरीला अर्धा धरतात. तुझ्या त्या एकात असले अर्धेच जास्त असणार."

हे मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं! म्हणजे आकड्यात 'एक' दिसतो, पण आत अर्धे अर्धे बसलेले असतात.

आता आपली अट. मी जिंकले असते तर तू बाबांशी बोलायचं होतंस. हरले असते तर काहीच नाही. बरोबरीचं आपण जिन्यात काही ठरवलं नव्हतं. मी आठवडाभर यावर विचार केला, म्हणजे बरोबरी दिसायला लागली तेव्हापासून. माझं म्हणणं असं, की अर्ध्या गुणाला अर्धं बोलणं.

बोलण्यात दोन कामं असतात, बोलणं आणि ऐकणं. अर्धं म्हणजे तू फक्त ऐकायचं. बाबा बोलतील. तू 'हं' सुद्धा म्हणायचं नाही, म्हणजे तुझी हार झाली असं कुणी म्हणणार नाही. पुढच्या रविवारी, अठरा तारखेला, सकाळी दहाला त्यांचा फोन येईल. उचलायचा, एवढंच.

बाबांना विचारलं. म्हणाले, "आणि मी काय बोलायचं?" मी म्हटलं ते मला माहीत नाही. ते म्हणाले, "मलापण नाही." पण नाही म्हणाले नाहीत.


सोमवार, १९ मे

दादा,

तुला फक्त आवाज आला, म्हणून इकडचं मी सांगते.

बाबांनी साडेनऊलाच इस्त्रीचा शर्ट घातला. आई म्हणाली, "अहो, फोनवर शर्ट दिसत नाही." ते म्हणाले, "मला दिसतो." दहाला तीन मिनिटं कमी असताना लावायला निघाले होते, मी थांबवलं. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं म्हणून आवाज पूर्ण वाढवलेला असतो, त्यामुळे तू उचललास ते आम्हाला तिघांना ऐकू आलं. तू काही बोलला नाहीस. तुझ्याकडं एक कुत्रा भुंकत होता.

आणि बाबांना काही सुचेना. मी आणि आई एकमेकींकडं बघत होतो. शेवटी ते घसा साफ करून म्हणाले, "गेल्या आठवड्यात एका डॉक्टरची गाडी आली होती. मागची सीट उसवली तर आत चमचे निघाले. सतरा."

मला वाटलं झालं, संपलं. दोन वर्षांनी फोन केला आणि चमचे! बाबा म्हणाले, "बरं मग. ठेवतो." पण ठेवला नाही. कानालाच धरून बसले. तूही ठेवला नाहीस. मी भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बघत होते, त्यानं अर्धी फेरी मारली.

आणि मग तू म्हणालास, "सतरा?"

हे करारात नव्हतं दादा. 'हं' सुद्धा म्हणायचं नाही असं स्पष्ट लिहिलं होतं.

बाबा म्हणाले, "हो, सतरा. मी स्वतः मोजले." तू म्हणालास, "डॉक्टरला काय म्हणालात?" बाबा म्हणाले, "काय म्हणणार, पिशवीत घालून दिले. तो म्हणाला माझे नाहीतच." आणि तू हसलास. मी ते हसणं ओळखते, जिन्यातलं नव्हतं, त्याच्या आधीचं होतं. पुढं तुम्ही चोवीस मिनिटं बोललात. मधे बाबा गॅलरीत गेले आणि दार ओढून घेतलं, त्यामुळे तेव्हा तुम्ही काय बोललात ते मला माहीत नाही. आत आले तेव्हा चष्मा पुसत होते. आईला म्हणाले, "तो तिथं एकटाच स्वयंपाक करतो, तू मला कधी सांगितलं नाहीस." आई म्हणाली, "तुम्ही कधी विचारलंत?"

नर्सबाईंना मी विचारणार आहे, की एखाद्यानं आपणहून नियम मोडला आणि त्यात समोरच्याचा फायदा झाला, तर त्याला किती गुण धरतात. त्यांच्या तक्त्यात नसेल बहुतेक.

नवा डाव हवा असेल तर या वेळी पांढऱ्या तुझ्या. आता अट काहीच नाही, म्हणून मी जास्त वाईट खेळेन की जास्त चांगली, ते मला बघायचंय.

अरे थांब, काटेकाका बोलावतायत. चढावर एका ट्रकचं मागचं दार उघडलंय आणि शे-दोनशे फुटबॉल आमच्या रस्त्यानं गडगडत खाली येतायत. कुणाला लागलेलं नाही. एक आत्ता दुकानात शिरला!